नमुन्याचा जोड

१२ जानेवारी

मालकीणबाई,

पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत नऊ पावलं आहेत. आज सकाळी ती मला कितीला पडली ते आधी सांगतो. पहिल्या पावलाला बोंब. दुसऱ्याला भिंत. तिसऱ्याला कपाटाची मूठ धरली, ती उपटून हातात आली. चौथ्या-पाचव्याला मी माझ्या वडिलांना हाक मारली, जी ते असताना कधी मारली नव्हती. उरलेली चार चवड्यांवर, खिडकी धरून. तोवर दूधवाला दोनदा बेल वाजवून निघून गेला. म्हणजे एक बोंब, एक मूठ, एक दिवसाचं दूध आणि एक बाप. नऊ पावलांना एवढी किंमत कुणी मोजत नाही.

उजव्या पायाची टाच. टाचेखाली कुणी आरी उभी धरून ठेवावी आणि आपण पूर्ण वजनानिशी तिच्यावर उभं राहावं, तसं. आपल्या धंद्यातल्या माणसाला पहिला संशय खिळ्याचाच येणार. सपाता उलट्या करून झटकल्या, आत बोटं फिरवली, उजेडात धरल्या. खिळा नाही. मग अनवाणी उभा राहिलो तर तीच कळ. पण गंमत बघ, घरातल्या घरात शंभरएक पावलं चाललो आणि दुखणं विरून गेलं. दुकान उघडलं तेव्हा स्वतःलाच म्हणालो, म्हाताऱ्या, नाटकं आहेत सगळी.

हे सांगायला पत्र लिहीत नाहीये. तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. तुझ्या बहिणीला केव्हाही फोन करावा, तू आंघोळीला गेलेली असतेस. दीड महिन्यात एवढ्या आंघोळी केल्यास, पाणी तरी शिल्लक आहे का त्या गावात?

तू अशी का गेलीस ते मला अजून कळलेलं नाही. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. एकतीस वर्षांचा संसार, सव्वीस वर्षं तू काउंटरवर, आणि एका साध्या गमतीवरून माणूस किल्ल्या टेबलावर ठेवून बहिणीकडे निघून जातं का? असो. जिन्याखाली दोन हात जागेत बसून चपलांच्या तुटक्या पट्ट्या शिवत होतो तिथपासून दोन काचांच्या दुकानापर्यंत आलोय, हेही दिवस काढीन.

काउंटर सध्या मीच सांभाळतो. कुणी पायऱ्या चढू लागलं की माझे कान अजून तसेच टवकारतात. परवा एकजण दुसऱ्या पायरीवर होता तेव्हाच म्हणालो, साहेब, डावा गुडघा जपा. तो तिथेच थिजला. सांगायचा मुद्दा, ज्या दिवशी तू येशील त्या दिवशी काही कळवू नकोस. तुझं पाऊल मी लाखात ओळखीन. तू तिसऱ्या पायरीवर असशील तेव्हा मी पार्टिशनमागून बाहेर आलेला असेन.

तुझा,
मालक (नावापुरता)


२ फेब्रुवारी

मालकीणबाई,

उत्तर नाही, म्हणजे वाचते आहेस असं धरून चालतो.

टाच बरी झालेली नाही. तिनं आता वेळापत्रक धरलंय. सकाळी उठलं की पहिल्या पावलाला जोरात. मग हळूहळू सैल होते. दिवसभर काउंटरमागे उभं राहिलं की दुपारी चारनंतर पुन्हा ठणकू लागते. त्यात बसायची सोय नाही. म्हणजे बसता येतं, पण बसून उठलं की ते उठणं म्हणजे पुन्हा सकाळच. दिवसात माझ्या सहा-सात सकाळी होतात. काउंटरमागची फरशी इतकी कडक आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी पार्टिशनमागे स्टुलावर बसून काम करणारा माणूस. सव्वीस वर्षं ती फरशी मी समोरच्या बाजूने बघितली.

शेवटी काउंटरवर एक बाई ठेवल्या. आधी बालवाडीत शिकवायच्या. चांगल्या आहेत, पण गिऱ्हाईकाशी सवयीनं बोलतात. काल एका पोलिसाला म्हणाल्या, "शाब्बास, आता दुसरा पाय कुठाय?" त्यानं निमूटपणे दुसरा पाय पुढे केला. दोन जोड घेऊन गेला.

त्यांना दुकानाचा नियम सांगितला, की इथे बसतं ते फक्त गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं, का? मी म्हणालो, गिऱ्हाईकापुढे बसलेला दुकानदार म्हणजे उपकार करणारा दुकानदार. त्या म्हणाल्या, बालवाडीत आम्ही मुलांपुढे जमिनीवर बसायचो, तरी मुलं शिकलीच. सडेतोड आहेत. तुझं त्यांच्याशी पटेल.

परवा तुझ्या बहिणीला फोन केला होता. तू आंघोळीला. पण फोन सुरू असताना मागे कुणीतरी चालत होतं. टाच, मग चवडा, टाच, मग चवडा. भरभर, वजन बरोबर मधोमध. मी विचारलं, घरात आणखी कोण राहतं? तिनं फोनवर हात दाबला. मग म्हणाली, कुणी नाही, भाऊजी. एवढं काय लपवायचं? भाडेकरीण ठेवली असेल तर ठेवली. मला सांगितलं तर मी काय भाडं मागणार आहे?

समोरच्या शिंप्यानं तुझी विचारपूस केली. मी सांगितलं, बहिणीला बरं नाही म्हणून गेलीय. तो म्हणाला, वहिनी नसल्या की तुझी झोपमोड होत नसेल ना सकाळी? मी म्हणालो, अरे, ती असतानाही व्हायची नाही. त्याला मी तीच आपली नेहमीची गोष्ट पुन्हा ऐकवली. तू पहाटे उठतेस तेव्हा मला जाग येऊ नये म्हणून चवड्यांवर चालतेस, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, मांजरीसारखी. अशी बायको मिळायला नशीब लागतं म्हणालो. तो म्हणाला, माझी तर हत्तीसारखी आदळते. दोघं हसलो.

ते चवड्यांवरचं चालणं आता ऐकू येत नाही. मी पाचला जागा होतो आणि वाट बघतो.

तुझा,
मालक


१९ फेब्रुवारी

मालकीणबाई,

आज डॉक्टरकडे गेलो. हे पत्र मी तीनदा सुरू केलं. पहिली दोन टोपलीत आहेत.

हाडांचा डॉक्टर आहे, तरुण. त्याचे बूट आपल्या दुकानातले नव्हते. ते मी पायऱ्यांवर असतानाच त्याच्या आतल्या चालण्यावरून ताडलं होतं. त्यानं माझी टाच हातात घेतली. मला ओशाळल्यासारखं झालं, कारण आजवर टाचा मी हातात घेत आलो. टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे कमान सुरू होते तिथे त्यानं अंगठा दाबला. मी त्याच्या टेबलावरचा पेपरवेट खाली पाडला. तो म्हणाला, हं.

मग फोटो काढला. काचेवर लावून दाखवला. टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूला एक चोच फुटलीय. गुलाबाच्या काट्याएवढी. मी म्हणालो, हाच तो खिळा. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. कित्येकांच्या टाचेत असा काटा असतो आणि त्यांना आयुष्यभर पत्ता नसतो. दुखतं ते त्याच्या शेजारचं. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाला एक जाड पट्टा असतो. बुटाला वादी असते तशी. उभं राहून राहून तो टाचेपाशी ताणला जातो, फाटतो, सुजतो. रात्री पाय सैल पडला की पट्टा आखडतो. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की तो एकदम ताणला जातो. म्हणून पहिलं पाऊल वाईट.

मी म्हणालो, डॉक्टर, तुम्ही चामड्यात असता तर नाव काढलं असतंत.

तो हसला आणि त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. रोज तो हेच प्रश्न विचारत असणार, त्यात विशेष काही नव्हतं. कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहता का? म्हणालो, दोन महिने. बसून उठलं की दुखतं का? हो. सपाट, कडक तळाचं पायताण वापरता का? कधीमधी. मग कागदावर लिहिता लिहिता, वर न बघता त्यानं विचारलं:

"सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, चवड्यांवर चालता. बरोबर?"

मी हो म्हणालो.

आणि मग मला खुर्चीतून उठता येईना. पायामुळे नाही.

किती वर्षं, मालकीणबाई? मी आठवून बघितलं. ती गोष्ट मी शिंप्याला पहिल्यांदा सांगितली तेव्हा आपली मुलगी कॉलेजात होती. म्हणजे अकरा. अकरा वर्षं मी रोज सकाळी पांघरुणात पडून तुझं दुखणं ऐकत होतो, आणि बायकोची माया म्हणून गावभर सांगत होतो.

बाकी उद्या लिहितो.


२० फेब्रुवारी

काल लिहायचं राहिलं ते.

दुकानाची तिसरी पायरी. गर्दी ओसरली की तू तिथे उभी राहायचीस, चवडे पायरीवर आणि टाचा बाहेर लोंबत्या. मी म्हणायचो, रस्ता काय बघतेस, नवरा आत आहे. डॉक्टरनं काल मला जो व्यायाम सांगितला तो हाच. पायरीच्या कडेवर उभं राहायचं आणि टाचा खाली सोडायच्या. पोटरी सैल होते, पट्टा सैल होतो. दिवसातून तीनदा.

आणि ती पाण्याची बाटली. काउंटरखाली तळपायानं तू बाटली पुढेमागे लोळवायचीस आणि मी आतून ओरडायचो, तो घरघराट बंद कर, मला पावलं ऐकू येत नाहीत. तोही व्यायाम त्यानं सांगितला. बाटलीत बर्फ असला तर उत्तम म्हणाला.

म्हणजे तुला कुणीतरी सांगितलं होतं. तू कुणालातरी दाखवलं होतंस.


११ मार्च

मालकीणबाई,

काउंटरचा खण साफ करताना बाईंना एक चिठ्ठी सापडली. पावतीपुस्तकाच्या मागे दडपलेली. डॉक्टरची चिठ्ठी, चार वर्षांपूर्वीची, वर तुझं नाव. दोन्ही टाचा. व्यायाम, शेक, मऊ गादीचं पायताण. आणि खाली मोठ्या अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं: दर अर्ध्या तासाने बसावे.

मला वाटलं, तू ही लपवलीस. रागच आला. बाईंना म्हणालोसुद्धा, बघा, नवऱ्याला सांगायचं सोडून खणात कोंबली. सांगितलं असतं तर मी काय बसू दिलं नसतं?

बाईंनी चिठ्ठी उलटी करून माझ्यापुढे ठेवली.

मागच्या बाजूला माझं अक्षर आहे. "नऊ नंबर, पंजा अरुंद, डाव्या पायाचं करंगळीजवळ हाड वर, काळा, वादीचा." वकीलसाहेबांचं माप. शिसपेन्सिलीनं, घाईत.

मला तो दिवस आठवतो असं म्हणालो तर खोटं होईल. आठवत नाही. पण चिठ्ठी पार्टिशनमागे आपल्या पायानं चालत आलेली नाही. तू ती माझ्याकडे घेऊन आलीस. माझ्या हातात दिलीस. मी ती उलटी केली, मागची बाजू कोरी आहे असं बघितलं आणि तिच्यावर माप लिहिलं. मग तू काय केलंस? ती परत घेऊन गेलीस आणि वकीलसाहेबांचं माप वहीत उतरवलंस. वहीत आहे. तुझ्या अक्षरात.

आता एवढं कबूल केलं तर राहिलेलंही करतो. शेवटच्या दिवसाचं. मी "साधी गंमत" म्हणत आलोय ती.

शनिवार होता. दुकान भरलेलं. सकाळपासून तू उभी होतीस, नव्या नमुन्याचा जोड पायात, तो आठवडाभर तुझ्या पायात असायचा, म्हणजे बायका तुझ्या पायांकडे बघून तोच मागायच्या. चालतंबोलतं दुकान म्हणायचो मी तुला. चारच्या सुमाराला मी बाहेर आलो तर तू गिऱ्हाइकाच्या बाकावर बसलेली, एका कडेला, अर्धीच. एका बाईंना जोड दाखवत होतीस, पण बसून. नियम माझा होता आणि अख्खं दुकान बघत होतं. मी रागावलो नाही. मी कधी रागावतो? मी हात जोडले आणि गिऱ्हाइकाशी बोलतो तसं म्हणालो, "या बाई, बसा. कितवा नंबर दाखवू?"

सगळे हसले. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस,

"सहा."

मग तर सगळे आणखीच हसले. मीही. मला वाटलं, बायको माझ्याहून वरचढ निघाली. मी म्हणालो, बघा, गिऱ्हाईक झालं की पायसुद्धा एक नंबरनं वाढतात. तू उठलीस. साडेआठपर्यंत उभी राहिलीस. दुसऱ्या दिवशी किल्ल्या टेबलावर होत्या.

लोकांना मी सांगितलं, बहिणीला बरं नाही. तुला लिहिलं, कारण कळत नाही. दोन्ही खोटं. कारण मला त्याच रात्री कळलं होतं. फक्त टाचा कळल्या नव्हत्या.

परत ये असं म्हणायला आता माझं तोंड उरलेलं नाही, तरी म्हणतो.


६ एप्रिल

मालकीणबाई,

तुझ्या बहिणीचं कार्ड आलं. एकच ओळ. "ताई बरी आहे, रोज व्यायाम करते, पत्रं वाचते." मी ते काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. बाईंनी वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शाब्बास." मला पोलिसासारखंच वाटलं.

काउंटरमागे खुर्ची आली आहे. पाठ असलेली, गादीची. खाली जाड रबराची चटई. नियम बदलला. दर अर्ध्या तासाने बसायचं, गिऱ्हाईक असो की खुद्द मालक. पहिल्या दिवशी बाई बसल्या तेव्हा मीच अवघडून गेलो. आठ दिवसांत कुणाच्या काही लक्षातही येईना. सव्वीस वर्षं ज्या इज्जतीसाठी मी खुर्ची ठेवली नाही, ती इज्जत कुणाला दिसतच नव्हती.

माझी टाच थोडी सुधारली आहे. डॉक्टर म्हणतो, घाई नको, महिने लागतात, पण बहुतेकांची बरी होते. मी विचारलं, अकरा वर्षांची जुनी असली तर? तो म्हणाला, तुमची तर तीन महिन्यांची आहे. म्हणालो, हो, सहज विचारलं.

आता कामाचं. तुझ्यासाठी जोड केलाय. सोबतच्या पेटीत आहे. या हातांनी आजवर असा जोड झालेला नाही, हे मी सांगतोय म्हणजे खरं मान. वरचं चामडं वासराचं, रुमालासारखं. टाच किंचित उंच, कारण डॉक्टर म्हणतो पार सपाट नको. टाचेखाली गादीला बरोबर दुखऱ्या जागेवर खळगा केलाय, म्हणजे तिथे भारच येऊ नये. कमानीला आधार. तीनदा उसवून चौथ्यांदा शिवला.

माप? मुलीनं फोनवर हेच विचारलं. बाबा, आईचं माप कुठून घेतलंत? मी म्हणालो, तुझ्या आईचं माप मला वहीत बघावं लागत नाही. खरं सांगू, बघितलं होतं. वहीत गावातल्या साडेचार हजार पायांची मापं आहेत. एका माणसाचा एकच पाय होता, त्याचंही आहे. तुझं नाही. आधी चमकलो, मग वाटलं, कशाला असेल? लग्नात तुझा पाच नंबर होता. बायकांचे सगळे नमुने मी पाचातच काढत आलो, काचेत पाच नंबर देखणा दिसतो, आणि प्रत्येक नमुना तू घातलास. इतक्या वर्षांत एकदाही म्हणाली नाहीस की लागतो. तेव्हा पाच.

बसला तर ठेवून घे. नाही बसला तर परत कर, पण टपालानं नको. स्वतः घेऊन ये. काही कळवू नकोस. चहाचं आधण मी पावलं ऐकून ठेवीन.

तुझा


३ जून

मालकीणबाई,

काल अकराच्या सुमाराला मी पार्टिशनमागे तळ चिकटवत होतो. दोन्ही हात गोंदात, उठण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली.

तुला माहीत आहे, चांगलं पाऊल ऐकलं की मला राहवत नाही. टाच, मग चवडा. टाच, मग चवडा. पाचही पायऱ्या एकाच लयीत, कठडा न धरता. महिन्याभरात एवढं सुरेख पाऊल दुकानात आलं नव्हतं. मी आतूनच बाईंना मोठ्यानं आवाज दिला, नेहमीसारखा, गिऱ्हाईकाला ऐकू जाईल असा:

"बाई, सहा नंबर! पंजा रुंद. पन्नाशीच्या आतबाहेर, पण पाय पंचविशीतला. टाच बघा कशी ठणठणीत टेकवतेय. असे पाय घेऊन लोक येऊ लागले तर दुकान बंद करावं लागेल. हिला आपली काही गरज नाही!"

यावर एरवी कुणीतरी हसतं. कुणीतरी विचारतं, कसं ओळखलं हो? काल कुणी काही बोललं नाही. मी तळ दाबून धरला होता, तो सोडला असता तर वाकडा बसला असता. बाहेर हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. मग पावलं खाली उतरली.

थोड्या वेळानं बाई आत आल्या. हातात पेटी. मी बांधलेली, माझीच गाठ पुन्हा तशीच घातलेली.

बाईंनी सगळं सांगितलं, मी दोनदा सांगायला लावलं. तू आत आलीस, बाकावर बसली नाहीस. काउंटरमागची खुर्ची बघितलीस आणि विचारलंस, ही कुणासाठी? बाई म्हणाल्या, माझ्यासाठी, दर अर्ध्या तासानं बसायचं, मालकांचा हुकूम आहे. तू खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलास. म्हणालीस, छान आहे. मग पार्टिशनकडे बघितलंस आणि तोंड उघडलंस, बाईंना वाटलं मला हाक मारणार. त्याच वेळी मी आतून ओरडलो. तू ते सगळं ऐकलंस, शेवटपर्यंत, उभी राहून. पेटी काउंटरवर ठेवलीस. बाईंनी विचारलं, काय सांगू? म्हणालीस,

"नंबर बरोबर ओळखला म्हणावं."

बाई तुला ओळखत नव्हत्या. त्यांना वाटलं, खूश झालेलं गिऱ्हाईक.

मी पेटी उघडली. डावा बूट जसाच्या तसा. उजव्याच्या टाचेपाशी अस्तर दुमडलंय. पाय घालून बघितलास. गेला नाही.

सहा. मुलगी झाली तेव्हापासून असणार, बायकांचे पाय तेव्हाच पसरतात, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगतो. म्हणजे सत्तावीस वर्षं. त्यातली सव्वीस तू पाच नंबरच्या नमुन्यात उभी राहिलीस, दुकानाची शोभा म्हणून. आणि शेवटी मी भर दुकानात तुला नंबर विचारला तेव्हा तू सांगितलास. तो विनोद नव्हता. मी विचारलं आणि तू उत्तर दिलंस, एवढंच होतं ते.

आता बहिणीकडची ती भाडेकरीणही कळली. तेव्हाच तू बरी होत होतीस. मी फोनवर ऐकलं आणि म्हणालो, ही दुसरी कुणीतरी.

तुझं न दुखणारं पाऊल मी कधी ऐकलेलंच नव्हतं, असं लिहिणार होतो. ते खरं नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ते घरात वाजत होतं. मी ऐकलं नाही, कारण ते काही मागत नव्हतं.

जोड सहा नंबरमध्ये पुन्हा करतोय. माप वहीत लिहिलं, तुझ्या नावापुढे, पहिल्यांदाच. तू नेशील की नाही ते ठाऊक नाही. पाठवणार आहे.

काल तू पाच पायऱ्या उतरलीस. मी मोजल्या. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं.